मिग, सुखोई आणि ओझर : आडनावांचे बारसे

महाराष्ट्रात ओझर नावाची दोन गावे सर्वांना ठाऊक आहेत. एक पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी, अष्टविनायकांतल्या विघ्नेश्वराचे. दुसरे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, बाणगंगेच्या काठी, मुंबई-आग्रा रस्त्यावर. दोहोंत घोटाळा होऊ नये म्हणून पहिल्याला गणपतीचे ओझर म्हणायचे आणि दुसऱ्याला ओझर मिग. पत्त्यातही ‘ओझर (मिग), ता. निफाड’ असे लिहिले जाते.

पहिल्या ओझरची ओळख देवावरून. दुसऱ्याची कशावरून? कोणीही सांगेल, विमानावरून. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. मिग हे विमानाचे नाव होण्याआधी ती दोन माणसांच्या आडनावांची आद्याक्षरे होती. त्या दोघांपैकी एक आर्मेनियन आणि दुसरा ज्यू. मिगनंतर ओझरच्या कारखान्यात जे विमान बांधले गेले ते सुखोई, तेही एका माणसाचे आडनाव. म्हणजे निफाड तालुक्यातले हे द्राक्षाकांद्याचे गाव साठ वर्षे तीन परक्या आडनावांचा घोष करीत आले आहे. ही आडनावे कोठून आली, त्यांचा अर्थ काय, आणि आडनावाचे नाव होते तेव्हा त्या आडनावाच्या मालकाचे काय होते, हा या लेखाचा विषय.

आडनाव आणि नाव

आधी ‘आडनाव’ हा शब्दच पाहू. ‘आड’ म्हणजे मुख्य नसलेले, बाजूचे. आडवाट, आडमार्ग, आडरान या शब्दांतला आड तोच. नाशिकहून ओझरला जाताना वाटेत आडगाव लागते. त्यातला आड बाजूचा की विहिरीचा, हा वाद वेगळा. जुन्या कागदपत्रांत ‘उपनाम’ असा शब्द येतो, त्याचाही भाव हाच. मुख्य नाव बारशाला ठेवलेले. आडनाव ही त्याची आधाराला घेतलेली खूण. गावात दोन गणपतराव असले की कोणता गणपतराव हे सांगण्यापुरती तिची गरज.

म्हणूनच मराठी घरात आडनावाचे नाव सहसा होत नाही. थोर माणसाची आठवण म्हणून आपण मुलाला त्याचे नाव देतो, आडनाव देत नाही. सुभाष, जवाहर, सरोजिनी ही नावे अशीच घरोघर गेली. कवी रमेश तेंडुलकर यांनी १९७३ साली जन्मलेल्या मुलाला संगीतकार सचिन देव बर्मन यांचे नाव दिले. त्यांनीही ‘सचिन’ घेतले, ‘बर्मन’ नव्हे. आडनाव हे कुळाचे, ते दुसऱ्याने कसे घ्यायचे, असा एक संकोच यामागे असावा.

इतरत्र हा संकोच कमी दिसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी एका मुलाला ‘नेल्सन’ हे इंग्रजी नाव दिले. तो मुलगा म्हणजे नेल्सन मंडेला. नेल्सन हे मुळात आडनाव, अर्थ ‘नीलचा मुलगा’. इक्वेडोरला लेनिन मोरेनो नावाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले. तमिळनाडूत करुणानिधींना १ मार्च १९५३ रोजी मुलगा झाला, चार दिवसांनी मॉस्कोत स्टालिनचा मृत्यू झाला, आणि मुलाचे नाव स्टालिन ठेवले गेले. गंमत अशी की स्टालिन हे त्या रशियन नेत्याचे घराणे दाखवणारे आडनाव नव्हेच. त्याचे आडनाव जुगाश्विली. ‘स्ताल’ म्हणजे पोलाद. त्यावरून त्याने घेतलेले हे टोपणनाव. टोपणनाव आडनावाच्या जागी बसले आणि तेथून उठून चेन्नईत बारशाचे नाव झाले.

वस्तूंच्या आणि गावांच्या बाबतीत मात्र मराठी माणूसही आडनाव मोकळेपणाने वापरतो. डिझेल हे रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे आडनाव आहे, हे पंपावर कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्याकडचे चांगले उदाहरण किर्लोस्करांचे. सिंधुदुर्गातल्या किर्लोशी गावावरून किर्लोस्कर हे आडनाव आले. त्या आडनावाचा नांगर झाला, मासिक झाले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी हे गावही वसले. गावाचे आडनाव आणि आडनावाचे पुन्हा गाव, असा हा फेरा. ओझर मिगची कथा याच जातीची आहे; तिचा फेरा मात्र बराच लांबचा.

वेलांटीतला ‘आणि’

सोव्हिएत संघात आरंभी लढाऊ विमानांना कामावरून नाव मिळे. लढाऊ विमानाला रशियनमध्ये ‘इस्त्रेबितेल’ म्हणतात, म्हणून ‘इ’ हे अक्षर आणि पुढे आकडा. १९४० च्या डिसेंबरात ही पद्धत बदलली. विमानाला त्याच्या मुख्य रचनाकाराच्या आडनावाची पहिली अक्षरे लावायची असे ठरले. याकोव्हलेव यांचे ते ‘याक’, इल्युशिन यांचे ‘इल’, तुपोलेव यांचे ‘तु’, सुखोई यांचे ‘सु’. पुढे आकडा, लढाऊ विमानांना साधारणपणे विषम. ‘इ-२००’ नावाने तयार झालेले एक विमान या नियमाने ‘मिग-१’ झाले, कारण ते आर्त्योम मिकोयान आणि मिखाइल गुरेविच या दोघांचे होते.

रशियन लिपीत हे नाव लिहिताना पहिले अक्षर मोठे, मधले लहान आणि शेवटचे मोठे काढतात. मोठा म मिकोयानचा, मोठा ग गुरेविचचा. मधला लहान ‘इ’ कोणाच्याच नावातला नाही. रशियन भाषेत ‘इ’ म्हणजे ‘आणि’. मिग म्हणजे ‘मिकोयान आणि गुरेविच’. देवनागरीत हा शब्द आला तेव्हा तो ‘आणि’ म वर वेलांटी होऊन बसला. ओझरच्या पाट्यांवर आणि पत्त्यांत साठ वर्षे ही वेलांटी लिहिली जात आहे.

आता या दोन आडनावांचे अर्थ पाहू.

मिकोयान हे आर्मेनियन आडनाव. आर्मेनियन आडनावांच्या शेवटी बहुधा ‘यान’ येतो. अर्थ ‘अमक्याच्या घराण्यातला’. मिको हे घरगुती, लाडाचे नाव. मिकोचे वंशज ते मिकोयान. कात्यायन, आश्वलायन ही आपल्याकडची अपत्यवाचक नावे कानाला तशीच वाटतात. पण कानाला लागलेला सारखेपणा म्हणजे नात्याचा पुरावा नव्हे. अर्थाच्या दृष्टीने जवळचे उदाहरण सिंधी आडनावांचे. अडवाणी, कृपलानी यांतला ‘आणी’ हाच अर्थ सांगतो. याकोव्हलेव म्हणजे याकोव्हचा, अँटोनोव म्हणजे अँटोनचा, ही रशियन आडनावेही त्याच प्रकारची. मराठीत बापाचे नाव आपण मधल्या जागी वेगळे लिहितो, म्हणून त्याचे आडनाव करण्याची गरज आपल्याला फारशी पडली नाही.

आर्त्योम मिकोयान १९०५ साली आर्मेनियातल्या सनाहिन या डोंगरी गावात जन्मले. दहाव्या शतकातल्या मठासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. त्यांचे थोरले बंधू अनास्तास सोव्हिएत राजकारणात राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचले. दोघा भावांचे संग्रहालय आज सनाहिनला आहे आणि त्याच्या आवारात एक मिग-२१ उभे आहे. सनाहिन हे मिगचे माहेर म्हटले, तर त्याचे एक सासर ओझर.

दुसरे आडनाव गुरेविच. रशियन कानाला यातला ‘विच’ बापाच्या नावावरून आलेला वाटतो, इवानोविच, पेत्रोविच यांच्यासारखा. प्रत्यक्षात हे गावावरून आलेले आडनाव आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, होर्जोवित्से नावाचे एक गाव आहे. तेथून प्रागला आलेल्या एका ज्यू घराण्याने होरोवित्स हे आडनाव लावले. प्रागमधले पिंकास सभास्थान १५३५ साली याच घराण्यातल्या गृहस्थांनी बांधले. पुढे ही मंडळी आणि त्यांचे आडनाव पोलंड, युक्रेन, बेलारूस असे पूर्वेकडे सरकत गेले. जाता जाता होरोवित्सचे हुरविच, गुरविच, गुरेविच झाले.

‘ह’ चा ‘ग’ का झाला? रशियन भाषेत आपल्या ‘ह’ सारखा ध्वनी नाही. परका ‘ह’ आला की पूर्वी त्याला ‘ग’ लावीत. हिमालयाला रशियन माणूस आजही ‘गिमालाई’ म्हणतो. प्रसिद्ध पियानोवादक व्लादिमीर होरोवित्स यांचे आडनाव त्यांच्या जन्माच्या देशात गोरोवित्स असेच लिहीत. तेव्हा पियानोवरचे होरोवित्स आणि मिगमधले गुरेविच हे एकाच आडनावाचे दोन उच्चार आहेत.

गावाच्या नावाला प्रत्यय लावून आडनाव करायचे, ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. होर्जोवित्सेहून आलेला तो होरोवित्स; आपण त्याला होर्जोवित्सेकर म्हटले असते. आणि आपल्याकडच्या ज्यूंनी नेमके हेच केले. कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्रायल समाजाची आडनावे पाहावीत : पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर हे अलिबागजवळच्या किहीमचे आडनाव लावीत. प्रागचे होरोवित्स आणि कोकणातले केहिमकर यांची कधी गाठ पडली नसेल. पण आपण मूळचे कोठले याची आठवण आडनावात बांधून ठेवायची, ही युक्ती दोघांनी सारखीच वापरली. ज्यांना पुन्हा पुन्हा गाव सोडावे लागते त्यांना ही आठवण अधिक जपावीशी वाटते.

गुरेविच १८९३ साली रशियातल्या कुर्स्क प्रांतात जन्मले. १९४९ ते १९५३ या काळात स्टालिनच्या राजवटीत ज्यूंविरुद्ध मोठी मोहीम चालली आणि अनेकांना पदे गमवावी लागली. त्या दिवसांतही मिग-१५ आणि मिग-१७ या नावांतला ‘ग’ टिकून राहिला. १९६४ मध्ये गुरेविच निवृत्त झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि एअरोनॉटिक्स इंडिया या दोन कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन हिंदुस्तान एअरोनॉटिक्स लिमिटेड स्थापन झाली, आणि ओझरच्या कारखान्याचे स्थापनावर्षही तेच. गुरेविच कामावरून गेले तेव्हा त्यांच्या आडनावाचे आद्याक्षर ओझरला कामावर रुजू झाले.

ओझरच का, याचे उत्तर नाशिककर यशवंतराव चव्हाणांकडे बोट दाखवून देतात. मिग-२१ भारतात बांधण्याचा करार १९६२ चा. त्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हाचेच. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. कामाची वाटणी अशी झाली : विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला.

सुका, खुष्की आणि सुखोई

आता तिसरे आडनाव. सुखोई या शब्दात मराठी कानाला ‘सुख’ ऐकू येते. तसे काही त्यात नाही. रशियन उच्चार ‘सुखोय’ असा, आणि त्यातला ख महाप्राण नव्हे. उर्दूतल्या ‘ख़त’मध्ये घशातून घासत येतो तो. हे रशियनमधले साधे विशेषण आहे. अर्थ ‘सुका’.

अर्थच नव्हे, शब्दही तोच आहे. संस्कृत ‘शुष्क’, त्याचे प्राकृत ‘सुक्क’, त्याचे मराठी ‘सुका’. अवेस्तेच्या भाषेत हाच शब्द ‘हुश्क’ होता, फारसीत तो ‘खुश्क’ झाला. लिथुआनियन भाषेत ‘साउसास’. भाषाशास्त्रात ‘रुकी’ नावाचा एक नियम आहे : र, उ, क आणि इ या ध्वनींच्या पुढचा मूळ ‘स’ संस्कृतात ‘ष’ होतो आणि स्लाव्ह भाषांत तो घासणारा ‘ख़’ होतो. या शब्दात ‘उ’ नंतर ‘स’ होता. म्हणून आपल्याकडे ‘शुष्क’ मधला ‘ष’ आला आणि रशियात ‘सुखोय’ मधला ‘ख़’. दोन्ही भाषा एका आजीच्या नाती आहेत याचा हा स्वच्छ पुरावा.

व्याकरणातही नाते दिसते. मराठीत सुका, सुकी, सुके; रशियनमध्ये सुखोय, सुखाया, सुखोये. तिन्ही लिंगे, तीन रूपे. रशियन आडनाव विशेषण असले की ते लिंगाप्रमाणे बदलते. त्या नियमाने सुखोय घराण्यातली स्त्री ‘सुखाया’ होते. आपल्याकडे काळ्यांच्या घरातली बाई ‘काळी’ आडनावाची होत नाही, एवढाच फरक.

मराठीत या एका मूळ शब्दाची आता चार रूपे नांदतात. पुस्तकातले ‘शुष्क’ संस्कृतातून जसेच्या तसे आले. सुकट, सुकी भाजी, सुकी मासळी यांतले ‘सुके’ प्राकृताच्या वाटेने घरात आले. बखरींत आणि पत्रांत भेटणारे ‘खुष्की’, म्हणजे पाण्यावरून न जाता कोरड्या जमिनीवरून जाणे, फारसीतून आले. खुष्कीचा मार्ग तो हाच. चौथे रूप रशियातून आले ते ‘सुखोई’. पहिली तीन भावंडे एकमेकांना ओळखतात. चौथे मात्र परके म्हणून वावरते.

माणसाच्या रूपावरून किंवा स्वभावावरून पडलेल्या टोपणनावाचे आडनाव होणे, हा प्रकार जगभर आहे. रशियनमध्ये ‘सुखोय’ हाडकुळ्या माणसालाही म्हणतात आणि भावनेचा ओलावा न दाखवणाऱ्यालाही. आपण पहिल्याला सुकडा म्हणतो, दुसऱ्याला कोरडा. काळे, गोरे, पांढरे, बोबडे, टकले, कडू ही आपली आडनावे याच रीतीची, आणि कोरडे हेही आडनाव मराठीत आहेच. सुखोईचे मराठी करायचे तर कोरडे हा शब्द हाताशी तयार आहे.

हे कोरडे, म्हणजे पावेल ओसिपोविच सुखोई, १८९५ साली आजच्या बेलारूसमध्ये एका शाळामास्तरांच्या घरी जन्मले. जन्मगावाचे रशियन नाव ग्लुबोकोये, बेलारूसी नाव ह्लिबोकाये. पुढे कुटुंब ज्या शहरात राहिले त्याचे रशियन नाव गोमेल, बेलारूसी होमेल. होरोवित्सचा गुरेविच करणारी ‘ह-ग’ ची अदलाबदल येथेही दिसते. ग्लुबोकोयेचा अर्थ ‘खोल’. गाव तळ्यांच्या काठी वसलेले आहे. सुका जन्मला तो असा खोल पाण्यापाशी.

झऱ्याचे गाव

आता ज्या गावात ही आडनावे येऊन राहिली त्याच्या नावाकडे वळू. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. संस्कृत ‘निर्झर’ या शब्दाची प्राकृतात दोन रूपे होतात असे तो सांगतो : एक ‘निज्झर’, दुसरे ‘ओज्झर’. ओज्झर म्हणजे झरा, पाझर, कड्यावरून पडणारे पाणी. त्याचे मराठी रूप ओझर.

एका गावावरून व्युत्पत्ती ठरवू नये. त्याच नावाची इतर ठिकाणे काय सांगतात ते पाहावे. कोयनेच्या खोऱ्यात नवजाजवळ ओझर्डे नावाचा धबधबा आहे. मालवणजवळच्या ओझरला ब्रह्मानंद स्वामींच्या मठापाशी झरा आहे. जुन्नरचे ओझर कुकडीवर आहे. दिंडोरी तालुक्यात ओझरखेडला धरण आहे. निफाडचे ओझर बाणगंगेवर. इतक्या ठिकाणी नावाशेजारी पाणी असेल तर ‘झऱ्याचे गाव’ हा अर्थ मान्य करायला हरकत नाही.

या ओझरला पाण्याचे नाते पुढेही सांभाळावे लागले. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ही शिवारे येतात, आणि टोकापर्यंत पाणी पोचत नाही हे कालव्यावरचे जुने दुखणे. १९९० नंतर समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने येथल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतले, वाटून घेतले. महाराष्ट्रात आणि बाहेर या कामाचा दाखला दिला जातो. एकाच गावाची ही दोन कामे : रस्त्याच्या एका अंगाला झऱ्याच्या गावाने आपला झरा परत मिळवला, दुसऱ्या अंगाला ‘सुका’ नावाचे विमान बांधले. नावांचे अर्थ माहीत असते तर गावात यावरून एखादी म्हण तयार झाली असती.

नाव कोणाचे, काम कोणाचे

एवढे अर्थ उलगडल्यावर एक अवघड प्रश्न उरतो. विमानाला आडनाव दिले म्हणजे श्रेय दिले, असे आपण समजतो. पण आडनाव आणि काम यांची जोडी नेहमी जमते का?

सुखोई यांचेच आयुष्य पाहू. तरुणपणी ते तुपोलेव यांच्या हाताखाली होते. १९३७ मध्ये चकालोव आणि त्यांच्या साथीदारांनी मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट अमेरिकेपर्यंत जे विमान नेले, त्याच्या रचनेचे काम सुखोई यांच्या पथकाने केले होते. विमानाचे नाव मात्र ‘एएनटी-२५’, म्हणजे आंद्रेई निकोलायेविच तुपोलेव यांची आद्याक्षरे. काम सुखोईंचे, नाव तुपोलेवांचे. पुढे १९३९ मध्ये सुखोईंना स्वतःची रचनासंस्था मिळाली, १९४९ मध्ये स्टालिनने ती बंद केली, आणि स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. मधल्या चार वर्षांत ‘सु’ हे नाव पुसले गेल्यातच जमा होते.

मग उलट घडले. सुखोई १९७५ च्या सप्टेंबरात वारले. सु-२७ या विमानाचा पहिला नमुना उडाला १९७७ च्या मे महिन्यात. त्याला आजचे रूप देणारे रचनाकार मिखाइल सिमोनोव. त्या सु-२७ पासून सु-३० झाले आणि त्यातून भारतासाठी सु-३० एमकेआय. या तीन अक्षरांचा रशियन अर्थ ‘आधुनिक केलेले, विक्रीसाठीचे, भारतीय’. २००० च्या डिसेंबरात ते भारतात बांधण्याचा करार झाला, २००४ मध्ये ओझरचे पहिले सुखोई हवाई दलाला मिळाले आणि पुढे दोनशेहून अधिक विमाने बांधण्याचे काम ओझरकडे आले. पत्रा कापण्यापासून रिव्हेट मारण्यापर्यंत आणि तारांच्या जुड्या बसवण्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत हजारो हात त्यावर फिरले. नाव मात्र अशा माणसाचे, ज्याने हे विमान पाहिलेही नाही. सिमोनोव त्यात नाहीत, ओझरही नाही. फक्त शेवटच्या ‘आय’ या अक्षरात ‘भारतीय’ एवढे आले आहे.

श्रेयासारखाच दोषही आडनावाला चिकटतो. मिग-२१ च्या अपघातांमुळे वर्तमानपत्रांनी त्याला ‘उडती शवपेटी’ म्हटले. त्या अपघातांत तरुण वैमानिक गेले, त्यांच्या घरांत हे नाव कसे घेतले जात असेल हे सांगायला नको. आणि १९७१ च्या युद्धात हेच विमान अभिमानाने घेण्याचे नाव होते. सनाहिनच्या मिकोचे आणि होर्जोवित्सेच्या घराण्याचे आडनाव अभिमान आणि शोक दोन्ही वाहत राहिले, आणि त्यावर त्या घराण्यांचा काहीच ताबा नव्हता. कलाश्निकोव या आडनावाचेही तेच. ‘कलाच’ नावाचा पाव भाजणारा तो कलाश्निक. म्हणजे हे मुळात पाववाल्याचे आडनाव. आज त्या शब्दाने जगात कोणालाही पाव आठवत नाही. बंदुकीचे जनक मिखाइल कलाश्निकोव यांनी उतारवयात धर्मगुरूंना पत्र लिहून मनाची वेदना कळवली होती. आडनावाचे नाव झाले की ते परत घेता येत नाही.

भारतीय हवाई दलाने या विमानांचे रीतसर नामकरण करून पाहिले. मिग-२७ ला ‘बहादूर’, मिग-२९ ला ‘बाझ’ अशी नावे ठेवली. ती कागदोपत्री राहिली, क्वचित भाषणांत आली. लोकांच्या तोंडी मिगच राहिले. सुखोईला तर असे भारतीय नाव रूढ झालेच नाही. ठेवलेल्या नावापेक्षा पडलेले नाव अधिक टिकते, हा गावगाड्यातला अनुभव येथेही खरा ठरला.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभपूर्वक निरोप घेऊन मिग-२१ सेवेतून गेले. मिग-२७ त्याआधी, २०१९ च्या डिसेंबरातच गेले होते. चंदीगडच्या समारंभानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या जुळणी-मार्गावर तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने ओझरच्याच धावपट्टीवरून उड्डाण केले. तेजस हे नाव पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी २००३ मध्ये दिलेले. ते कोणाचे आडनाव नाही. आपल्या घरांत आज कितीतरी मुलांचे हे बारशाचे नाव आहे. साठ वर्षे आडनावांची विमाने बांधून ओझर आता नावाच्या विमानाकडे वळले आहे. नावात कोणा एकाचे घराणे नसल्यामुळे श्रेय कोणाचे हा प्रश्नही तेथे मोकळा राहतो. रचनाकारापासून रिव्हेट मारणाऱ्यापर्यंत कोणालाही ते आपले म्हणता येते.

मिग गेले तरी ओझर मिग राहील. पत्ते इतक्या लवकर बदलत नाहीत, आणि बदलू नयेत. गाव बांधणाऱ्या पिढीची सारी नोकरी त्या दोन अक्षरांखाली झाली आहे. मात्र विमान डोळ्यांआड गेल्यावर ‘मिग’ हा अर्थ हरवलेला शब्द होण्याचा धोका आहे. सहजी, पंचवीस-तीस वर्षांनी एखादा विद्यार्थी त्याची काहीतरी कल्पित व्युत्पत्ती सांगू लागेल. गावांच्या नावांबाबत असे नेहमी घडते. त्यापूर्वी ओझरच्या शाळांतून मुलांना एवढे सांगायला हवे : म म्हणजे आर्मेनियातल्या एका मिकोचे घराणे, ग म्हणजे बोहेमियातल्या एका गावाहून निघालेले ज्यू घराणे, त्या दोघांमधली वेलांटी म्हणजे ‘आणि’. सुखोई म्हणजे आपलाच सुका. आणि ओझर म्हणजे झरा. एवढी पाच नावे नीट समजली तर गावाच्या पाटीवर अर्ध्या जगाचा इतिहास वाचता येतो. त्यासाठी संग्रहालय लागत नाही; वर्गातला एक तास आणि फळा पुरेसा आहे.